निमरॉड एक्सव्ही २३० दुर्घटना

ब्रिटिश हवाई दलाच्या टेहळणी विमानाला अफगाणिस्तानात झालेला अपघात (२ सप्टेंबर २००६). सुरक्षानियम अस्तित्वात असूनही त्यांची अंमलबजावणी कागदोपत्रीच राहिल्याचे ठळक उदाहरण.

स्कॉटलंडमधील किनलॉस तळाच्या या विमानाने कंदाहारजवळ हवेत इंधन भरून घेतले आणि लगेच आग लागली. सुमारे सहा मिनिटांत स्फोट होऊन १४ जण मृत्युमुखी पडले. इंधन टाकीतून ओसंडले की जोडणीतून गळले, याचा निर्णायक पुरावा नाही. पहिली शक्यता अधिक मानली जाते. इंधन पेटले ते बहुधा उजव्या पंखाच्या मुळाशी, गरम हवेची नळी जाणाऱ्या कप्प्यात. तेथे आगीची सूचना देणारी वा ती विझवणारी यंत्रणाच नव्हती. नळी मूळ आराखड्यातली, पूरक शीतनयंत्रणा एमआर-२ आवृत्तीतली, हवेत इंधन घेण्याची सोय १९८२ च्या फॉकलंड युद्धात घाईने बसवलेली. तिन्ही एकत्र आल्यावर उद्भवणारा धोका कोणाच्याच लक्षात आला नाही.

सेफ्टी केस : विमानाचे संभाव्य धोके शोधून, त्यांची तीव्रता ठरवून, ते आटोक्यात असल्याचे लेखी दाखवून देणे नियमाने आवश्यक होते. निमरॉडसाठी हे काम २००१ ते २००५ दरम्यान बीएई सिस्टिम्सने संरक्षण मंत्रालयाच्या प्रकल्पगटाकरिता केले. क्विनेटिक ही कंपनी स्वतंत्र सल्लागार होती. विधिज्ञ चार्ल्स हॅडन-केव्ह यांच्या अहवालानुसार (ऑक्टोबर २००९) सुमारे ४० टक्के धोके ‘खुले’ आणि ३० टक्के ‘अवर्गीकृत’ होते, तरी काम पूर्ण झाल्याचे भासवले गेले. प्रकल्पगटाने ते नीट पारखले नाही, सल्लागारानेही हरकत घेतली नाही. दुर्घटनाग्रस्त कप्प्यातला धोका यादीत होता. त्याचे गांभीर्य मात्र ओळखले गेले नाही. तीस वर्षे उडणारे विमान सुरक्षितच असणार, हे तिघांनीही गृहीत धरले होते, आणि नियमाला तपासायचे होते ते नेमके हेच. नोव्हेंबर २००४ मध्ये एक्सव्ही २२७ या दुसऱ्या निमरॉड विमानाची गरम हवेची नळी उड्डाणात फुटली. तो इशाराही वाया गेला.

१९९८ नंतरच्या खर्चकपातीने व पुनर्रचनेने सुरक्षेकडचे लक्ष उडाले, असे अहवाल म्हणतो. त्यात १० व्यक्तींवर नावानिशी ठपका आहे. खरी जबाबदारी त्याहून वरची, असेही मत मांडले जाते.

मे २००८ मध्ये कॉरोनरने (मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) हे विमान कधीच उड्डाणयोग्य नव्हते, असा निष्कर्ष दिला. मंत्रालयाने तरीही ताफ्याची उड्डाणे थांबवली नाहीत.

परिणाम : एप्रिल २०१० मध्ये स्वतंत्र लष्करी उड्डाण प्राधिकरण स्थापन. एमआर-२ विमाने त्याआधीच्या महिन्यात निवृत्त.