मेंदूतील ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहींचा विकास

ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही हे ताणाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणाऱ्या संप्रेरकाशी जोडले जाणारे प्रथिन आहे. हे संप्रेरक माणसात मुख्यतः कॉर्टिसॉल, तर उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन असते. संप्रेरक जोडले गेल्यावर ग्राही पेशीच्या केंद्रकात जातो आणि काही जनुकांचे कार्य वाढवतो किंवा घटवतो. उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग कॉर्टिकोस्टेरॉन धरून ठेवतो, हे ब्रूस मॅकइव्हन व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवले.

हिप्पोकॅम्पसच्या पेशींत मिनरॅलोकॉर्टिकॉइड ग्राहीही असतो. तो याच संप्रेरकाला कितीतरी अधिक घट्ट बांधतो, त्यामुळे एरवीच्या अल्प पातळीतही तो बव्हंशी व्यापलेला असतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही पातळी वाढल्यावरच व्यापले जातात आणि स्राव थांबवण्यास साहाय्य करतात. ते संख्येने कमी असतील तर ताण ओसरल्यावरही स्राव लांबतो.

जन्मानंतरचे बदल

उंदराच्या नवजात पिलात हे ग्राही थोडे असतात आणि पुढील काही आठवड्यांत प्रौढांच्या पातळीला पोहोचतात. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पिलाची ताणप्रतिक्रिया मंद असते. ही मंदता आईच्या सहवासावर अवलंबून असते. पिलाला चोवीस तास आईपासून दूर ठेवल्यास ती मोडते.

ग्राहींची अंतिम संख्या केवळ वयावर ठरत नाही. मायकेल मीनी यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवले की, पहिल्या दहा दिवसांत आईने अधिक चाटलेल्या पिलांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये प्रौढपणी हे ग्राही अधिक असतात व त्यांची ताणप्रतिक्रिया सौम्य असते. याच गटाच्या २००४ मधील संशोधनानुसार कमी चाटलेल्या पिलांत ग्राहीच्या जनुकाच्या नियंत्रक भागावर मिथिलीकरण अधिक होते आणि ते प्रौढपणीही टिकते. जन्मतःच पिलांची अदलाबदल केली असता फरक सांभाळणाऱ्या आईनुसार पडला. म्हणजे तो निव्वळ आनुवंशिक नव्हता. मात्र हा ठसा कायमचाही नव्हता. प्रौढ उंदरांच्या मेंदूत ट्रायकोस्टॅटिन-ए हे रसायन सोडल्यावर तो पुसला गेला.

मानवातील संशोधन

माणसात हे ग्राही गर्भावस्थेतच आढळतात, त्यामुळे उंदराचे दिवस माणसाच्या वयाशी थेट जुळवता येत नाहीत. आत्महत्या केलेल्या व्यक्तींच्या मेंदूंच्या २००९ मधील अभ्यासात, बालपणी अत्याचार सोसलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये या जनुकाची अभिव्यक्ती कमी व मिथिलीकरण अधिक आढळले. आत्महत्या केलेल्या, पण अत्याचाराचा इतिहास नसलेल्या व्यक्तींत तसे दिसले नाही. नमुने मोजकेच होते. शिवाय मृत्यूनंतरच्या ऊतीवरून हा बदल नेमका कोणत्या वयात झाला, हे ठरवता येत नाही.