रमजानच्या चांदाला दारू सोडताना : व्यसन, मनाचे आजार आणि सातारा-सांगलीतले उपचार

शाबान संपत आला की आपल्या काही घरांत एक वाक्य हळू आवाजात फिरू लागतं : ‘चांद दिसला की सोडतो म्हणालाय.’ अम्मीला आशा वाटते. बायको ऐकून गप्प राहते, कारण मागच्या वर्षीही तिने हेच ऐकलेलं असतं. आणि खरंच, चांद दिसतो आणि वर्षभर रोज पिणारा माणूस त्या रात्री पीत नाही. तरावीहला जातो. पहिला रोजा कसाबसा निघतो; हात थरथरतात, घाम सुटतो, इफ्तारला खाल्लेलं पोटात ठरत नाही. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवर मुंग्या दाखवू लागतो, कोपऱ्यात कोणी उभं आहे म्हणतो, घरच्यांना ओळखत नाही. मग शेजारून कोणीतरी सांगतं, ‘बाहेरचं काही लागलंय, दाखवून आणा.’ ज्या तासांत त्याला दवाखान्यात असायला हवं, ते तास रिक्षात आणि कुणा बाबाच्या दारातल्या रांगेत जातात.

हे बाहेरचं नाही. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. दारू अचानक तोडल्यामुळे मेंदूत उठलेलं हे वादळ आहे, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो.

कारण समजून घेऊ. दारू मेंदूला थंड करते, सुस्त करते. रोज भरपूर प्यायली जात असेल तर मेंदू त्या सुस्तीविरुद्ध जोर लावायला शिकतो. रस्सीखेच चालू असावी तसं. मग एका रात्री समोरच्याने दोर सोडून दिला तर काय होतं? जोर लावणारा मागे कोसळतो. शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा ते आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास, ताप, वाढलेली नाडी आणि भ्रम. सगळ्यांनाच हे होत नाही. अनेक वर्षं रोज पिणारे, सकाळी उठल्याउठल्या ज्यांना ‘हात स्थिर करायला’ लागते ते, आणि पूर्वी दारू सोडताना ज्यांना आकडी आली आहे, त्यांना धोका जास्त. त्यातच रोज्यामुळे दिवसभर पाणीही पोटात जात नाही.

म्हणजे रमजानला दारू सोडू नये का? जरूर सोडावी, यासारखा महिना नाही. फक्त चांद दिसायच्या आठ-दहा दिवस आधी डॉक्टरला गाठावं. डॉक्टर थरथर आणि आकडी रोखणारी औषधं काही दिवसांसाठी देतात आणि हळूहळू कमी करत बंद करतात. सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण दारुड्याच्या शरीरात ते उरलेलं नसतं आणि त्याच्या कमतरतेने स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. ही औषधं मेडिकलमधून आपल्या मनाने आणायची नाहीत. आकडी आली, भास सुरू झाले किंवा शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं, आणि डॉक्टरला ‘हा रोज प्यायचा, अमुक दिवशी बंद केली’ हे स्पष्ट सांगायचं. लाजेपोटी हे सांगितलं जात नाही आणि उपचार भलत्याच दिशेने जातात. राहिला रोज्याचा प्रश्न. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुराणातच दिलेली आहे. तिच्याबद्दल मौलानांना विचारा. पण आजार किती आहे, हे डॉक्टरला विचारा.

‘आपल्यात कोण पितं?’

हा प्रश्न आपल्यात फार ऐटीत विचारला जातो. दारू हराम आहे, हे लहानपणापासून मनात असल्यामुळे असंख्य लोक तिच्या वाटेला जात नाहीत, ही आपली मोठी जमेची बाजू. पण त्याच गोष्टीची एक उलटी बाजूही आहे. जो पितो तो दुप्पट लपवतो आणि त्याच्या घरचे चौपट. गल्लीत कळलं तर बहिणीचं स्थळ मोडेल, जमातीत मान जाईल, या भीतीने वर्षामागून वर्षं जातात. दवाखान्यात पोहोचेपर्यंत यकृत गेलेलं असतं किंवा दुकान.

आणि हे एकट्या आपल्या समाजाचं दुखणं नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात असं दिसलं. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळाला होता. उरलेले ३७ घरातच होते.

गुनाह आणि आजार हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं आम्हाला वाटतं. तौबा बंदा आणि अल्लाह यांच्यातली गोष्ट. पण तौबा केली म्हणून तिसऱ्या दिवशीची आकडी थांबत नाही, जशी तौबेने साखर उतरत नाही. हा काही नवा, बाहेरून आणलेला विचार नाही. अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेले. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि कारण असलेलं दुःख वेगळं व कारणाशिवाय दाटून येणारी उदासी वेगळी, हा भेद त्यांनी तेव्हा मांडला. आपल्या जुन्या शहरांतल्या शफाखान्यांत मनोरुग्णांसाठी वेगळे कक्ष असत. आज मात्र ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ जाताना आपण रुमाल तोंडावर ओढून घेतो.

आधी काय, दारू की उदासी?

बहुतेक घरांत याचं उत्तर सापडत नाही. कर्ज, बेकारी, घरातलं मरण, लहानपणी सोसलेला मार. झोप लागत नाही म्हणून पहिला पेला घेतला जातो. थोडे दिवस झोप येते, मग दारूच झोप मोडते आणि उदासी वाढवते. त्यामुळे चांगला डॉक्टर दोन्हींवर एकत्र उपचार करतो. नुसती दारू तोडली आणि आतली उदासी तशीच ठेवली, तर माणूस परत तिथेच जातो. कधी त्याहून वाईट होतं. मरणाचे विचार बोलून दाखवू लागला तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि ‘नाटक करतोय’ म्हणायचं नाही.

बायकांचं व्यसन तर दिसतच नाही. कोणी तरी कधी दिलेल्या झोपेच्या गोळ्या पाच-पाच वर्षं चालू असतात. त्याही अचानक बंद केल्या की आकडी येऊ शकते, म्हणून त्याही डॉक्टरच्या सल्ल्यानेच कमी करायच्या.

तरुण पोरांचं वेगळंच. सांगली जिल्ह्याचं नाव हळद आणि द्राक्षांसाठी घेतलं जायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये एमडीचा साठा पकडला, मार्चमध्ये मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात कारखाना शोधला आणि जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे एमआयडीसीत आणखी एक सापडला. एमडी म्हणजे मेफेड्रोन. याची नशा करणारा पोरगा दारुड्यासारखा झोकांड्या खात नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. तो रात्र-रात्र जागतो, जेवत नाही, वाळत जातो, पैसे उचलतो, सगळ्यांवर संशय घेतो. पुढे कानात आवाज येऊ लागतात. नशा उतरली की पराकोटीची निराशा. पोलिसांच्या भीतीने आई-बाप दवाखान्यात नेत नाहीत, तर त्यांना हे माहीत असावं : एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतलं जातं. विकणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

दुवा आणि दवा

मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर आपण सगळेच जातो. दुवेने मनाला आधार मिळतो, हे नाकारायचं काही कारण नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा दुवेच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवलं जातं. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या गावात, एका खासगी आसऱ्याला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही. २८ जणांचा जीव गेला. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यावर बंदी आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं गुन्हा ठरतो.

दुसरं उदाहरण चांगलं आहे. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातारांचा दर्गा आहे. तिथे २००८ पासून ‘दवा-दुवा’ नावाचा उपक्रम चालला. दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसले आणि मुजावरांनी स्वतः रुग्णांना त्यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली. माणूस दुवाही मागतो आणि गोळीही घेतो. आपल्या जिल्ह्यांतल्या जमातींनी आणि मुजावरांनी हे मनावर घ्यावं अशी आमची फार इच्छा आहे. शाबानच्या शेवटच्या जुम्याच्या बयानात ‘सोडा, पण डॉक्टरला दाखवून सोडा’ एवढं एक वाक्य आलं तरी काही जीव वाचतील.

कुठे जायचं?

साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचं काम गेली कित्येक वर्षं करते आहे. ती डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केली. ते मूळचे साताऱ्याचे, शिकले सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांचे चिरंजीव डॉ. हमीद दाभोलकर हे मनोविकारतज्ज्ञ असून ‘परिवर्तन’शी जोडलेले आहेत. (नाव ऐकून आपल्यातले काहीजण चकित होतात. हमीद दलवाईंवरून ते ठेवलेलं आहे.) दाभोलकरांची सगळी मतं पटलीच पाहिजेत असं नाही. व्यसनमुक्तीला त्याची अट नसते. ‘मानसमित्र’ हा त्यांच्या कार्यकर्त्यांचा उपक्रमही लक्षात घेण्यासारखा आहे : साध्या माणसांना प्रशिक्षण द्यायचं, मग ते वस्तीतल्या रुग्णांशी बोलतात आणि डॉक्टरपर्यंत आणतात. प्रत्येक मोहल्ल्यात असे दोघे तयार झाले तर?

साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे मानसोपचाराची सोय आहे. पुण्यातलं ‘मुक्तांगण’ डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू केलं. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. फोनवरून बोलायचं असेल तर व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६, दोन्ही मोफत.

खासगी केंद्रात ठेवायचं असेल तर पैसे भरण्याआधी विचारा : नोंदणी आहे का? डॉक्टर किती वेळा येतात? घरच्यांना भेटू देतात का? ‘आम्ही चार पोरं पाठवून उचलून आणतो’ असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. रुग्ण तयारच नसेल आणि त्याच्या किंवा घरच्यांच्या जीवाला धोका असेल, तर दोन तज्ज्ञांनी तपासून ठरावीक मुदतीसाठी दाखल करण्याचा रस्ता कायद्यात आहे.

घरच्यांच्या हातून दोन चुका फार होतात. एक, जाहिरातीतली ‘दारू सोडवणारी पावडर’ चहात, सालनात गुपचूप मिसळणं. तिच्यात काय असतं हे कुणाला माहीत नसतं. डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून, हृदयावर ताण येऊन जीव जाऊ शकतो. ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखालीच देतात. दुसरी चूक म्हणजे ‘लग्न लावून द्या, सुधारेल’. याबद्दल आम्हाला संताप येतो. कुणाची तरी पोटची पोरगी काय व्यसनमुक्ती केंद्र आहे? स्थळ पाहताना हे लपवणं हा मुलीवर आणि तिच्या आई-बापांवर केलेला जुलूम आहे.

सुटलेला माणूस परत घसरू शकतो, एकदा नाही, चार वेळाही. डॉक्टर याला आजाराचा भाग मानतात आणि पुन्हा उपचार सुरू करतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा यासाठीच असतात. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सांभाळायला सुरुवात केली, त्यातून हे उभं राहिलं. फी नाही, नाव-गाव सांगावं लागत नाही. बदनामीच्या भीतीने घरात बसणाऱ्यांसाठी याहून बरी जागा नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं. बायकोने, अम्मीने तिथे जावं, त्यांचंही मन पोळलेलं असतं.

आणि ईदचा दिवस. महिनाभर टिकलेला माणूस बहुतेक वेळा शव्वालच्या पहिल्या दोन-तीन रात्रींत पडतो. हातात पैसे असतात, जुने दोस्त गळाभेटीला येतात, ‘आज तर ईद आहे’ म्हणतात. म्हणून डॉक्टरची पुढची तारीख ईदच्याच आठवड्यातली घ्यावी. ईदगाहहून त्याला एकटं परतू देऊ नये, भावाने सोबत राहावं, ईदी आणि पगार काही दिवस बायकोकडे असावा. हे त्याला आधी सांगून, त्याच्याशी बोलून ठरवावं.