बीड, पाटण आणि ज्येचे गणित

‘सिद्धांतशिरोमणी’त (इ.स. 1150) भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या कुशीतले विज्जडविड असे सांगितले. काही अभ्यासकांनी ते बीड मानले, तर काहींनी चाळीसगावजवळचे पाटण.

वाद गावाचा आहे, शिकवणीचा नाही. ‘लीलावती’त भुंगे, हंस, मोर आणि साप यांची उदाहरणे घालून भास्कराचार्य नवशिक्याला प्रेमाने प्रश्न विचारतात आणि उकलीची रीतही देतात.

‘सिद्धांतशिरोमणी’च्या ‘ज्योत्पत्ती’ प्रकरणात तर दोन कोनांच्या बेरजेची ज्या (साइन) काढण्याचा नियम आहे. पडद्यावरचा चौकोन फिरवू पाहणाऱ्या आजच्या ग्राफिक्स प्रोग्रामिंगच्या विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यात हेच सूत्र लागते. बिंदूचे नवे स्थान त्यातूनच निघते.

हे ज्ञान घराण्यापुरते राहिले नाही, ही मोलाची गोष्ट. नातू चांगदेव यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने 1207 च्या सुमारास मठाला दान दिले. या दानाच्या शिलालेखाच्या मराठी भागात घाण्यामागे पळीभर तेल देण्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला.