गाडीचा विमा : दोन हजार वाचवायचे की गाडी लवकर परत मिळवायची?

परवा गाडीच्या विम्याचं रिन्यूअल आलं. मागच्या वर्षीपेक्षा चौदाशे रुपये जास्त. वर्षभरात एकही क्लेम नाही, गाडी एक वर्षानं जुनी झाली, म्हणजे तिची किंमत उतरली, तरी प्रीमियम वर! बायकोनं मोबाईलवर पाच मिनिटांत दुसऱ्या कंपनीचा भाव काढून दाखवला. दोन हजारांनी कमी. म्हणाली, "घेऊन टाका अहो, कागद तर सारखाच असते."

कागद सारखा का असतो आणि भाव वेगळा का असतो, हे पाहायला थोडं मागं जावं लागते राजेहो.

आपल्या देशात गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला तो १ जुलै १९४६ पासून. कायदा १९३९ चा, इंग्लंडच्या १९३० च्या कायद्यावर बेतलेला. हेतू सरळ होता. गाडीखाली आलेल्या माणसाला भरपाई मिळावी, मालकाच्या खिशात पैसे असोत की नसोत. गाडीवाल्याची सोय हा त्यात मुद्दाच नव्हता. आजही पोलीस चौकात अडवून जो कागद मागतात तो एवढ्यासाठीच. तो नसला तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिने कैद, किंवा दोन्ही.

तेव्हा विमा कंपन्या खासगी होत्या, आणि बऱ्याच होत्या. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण १९५६ मध्ये झालं, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना. गाडी, आग, जहाज यांचा विमा मात्र तेव्हा सुटला. तो सरकारनं हाती घेतला १३ मे १९७१ ला, आणि तेव्हा अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. दोन्ही वेळेला अर्थखात्यात मराठी माणूस, हा योगायोगच. १ जानेवारी १९७३ पासून १०७ कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या : नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया.

चार कंपन्या, पण भाव एकच. दर ठरवायची टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये तर देशाचे दोनच झोन होते. मुंबई-पुण्यासह आठ मोठी शहरं 'ए' मध्ये, आणि वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव सारे 'बी' मध्ये. आपल्याला दर थोडा कमी लागायचा. लहान गावात राहण्याचा तेवढा एक सरकारमान्य फायदा!

भाव सारखा, म्हणून कंपन्यांची चढाओढ सेवेवर झाली का? नाही झाली. चारही सरकारी, गिऱ्हाईक जाणार कुठं? मी पत्रकारितेला लागलो तेव्हा क्लेमसाठी चपला झिजवणाऱ्या ट्रकमालकांच्या तक्रारी आमच्याकडे यायच्या. त्यामुळे जुना काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. त्या काळात सेवा होती ती एजंटची. बसस्टँडजवळ बसणारे आमचे एजंट काका कमिशन घ्यायचे, पण गाडी ठोकली की सर्व्हेयरला स्वतः फोन करायचे, फॉर्म भरायचे, गॅरेजवर येऊन उभे राहायचे.

मग मल्होत्रा समिती आली, १९९४ मध्ये तिचा अहवाल आला, १९९९ चा कायदा झाला, आणि २००० पासून खासगी कंपन्यांना दार उघडलं. तरी गाडीच्या विम्यात खरा बदल झाला १ जानेवारी २००७ ला. त्या दिवसापासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा, दर मोकळा झाला. थर्ड पार्टीचा दर मात्र सरकारी बंधनातच राहिला. १ जून २०२२ पासूनच्या दरात १००० ते १५०० सीसीच्या कारला ३,४१६ रुपये, कंपनी कोणतीही असो. म्हणजे कंपनी स्वस्त होते ती फक्त ओन डॅमेजच्या भागात. आणि तिथं पैसे वाचवायचे तर कुठून तरी कापावेच लागतात.

कुठून कापतात ते मी एकदा अंगावर घेऊन पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी असाच एकोणीसशे रुपये वाचवून मी कंपनी बदलली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. डिसेंबरात रात्री सेलूकडून येताना रोही आडवा आला. आपल्याकडे ज्यानं रात्री गाडी चालवली त्याला हे नवीन नाही, रोही नाही तर रानडुक्कर. बंपर, हेडलाइट, रेडिएटर गेलं. टोल फ्री नंबरवर कळलं की कॅशलेस गॅरेज नागपूरला. पंचाहत्तर किलोमीटर टोचन करून गाडी नेली. सर्व्हे व्हिडिओ कॉलवर झाला, त्यात आतलं रेडिएटर दिसलं नाही, म्हणून दुसरा सर्व्हे. गाडी सव्वीस दिवस उभी. त्या सव्वीस दिवसांत आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात चार वेळा ऑटोनं न्यावं लागलं, बातमीसाठी फिरलो ते शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर.

बंपरचे अर्धेच पैसे मिळाले, पण ती त्या कंपनीची लबाडी नव्हती. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा हा टॅरिफच्या काळापासूनचा नियम आहे. झीरो डेप घेतलं नाही तर महागड्या कंपनीतही तेच होते.

म्हणून यावेळी दोन्ही भाव कागदावर शेजारी शेजारी मांडले. स्वस्त कोटेशनमध्ये गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, चाळीस हजारांनी कमी धरली होती. गाडी चोरीला गेली तर ते चाळीस हजार माझे बुडणार. झीरो डेपही काढलेलं होतं. दोन्ही बरोबरीला आणल्यावर फरक उरला आठशे रुपये. नो क्लेम बोनस तर दोन्हीकडे तेवढाच, तो कंपनीचा नसतो, मालकाचा असतो, बदलली तरी सोबत येतो. जीएसटीही दोन्हीकडे १८ टक्के. आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, गाडीवरचा नाही गेला.

काका आता नाहीत, त्यांचा मुलगा काम पाहतो. त्याला विचारलं, "उद्या रोही आडवा आला तर गाडी कुठं लावू?" त्यानं वर्ध्यातल्याच दोन गॅरेजची नावं सांगितली, आणि म्हणाला, "भाऊ, रात्री फोन केला तरी उचलीन. सकाळी उचलीन म्हणा." दुसऱ्या कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीनं पिनकोड विचारला. मी ४४२००१ सांगितला. दोन मिनिटं गाणं वाजलं. मग ती म्हणाली, सर, जवळचं नागपूर.

शेजारच्या गुरुजींची गाडी चौदा वर्षांची आहे, ते फक्त थर्ड पार्टी घेतात. त्यांना मी यातलं काहीच सांगितलं नाही, त्यांना दर सगळीकडे एकच. मी मात्र आठशे रुपये जास्त भरले. बायको अजून म्हणते, पाच वर्षं रोही आला नाही तर चार हजार गेले.