उतरलेली कौले

भीमाकाठच्या वढू बुद्रुकसारख्या गावात जुने घर पाडून स्लॅब पडतो, तेव्हा उतरलेल्या कौलांचे काय करायचे? जुने गवंडी हा माल टाकत नसत. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि खाचेची मंगलोरी कौले पुढे दूरवर पोहोचली. ती एकमेकांत नुसती अडकतात, म्हणून अखंड उतरतात आणि गोठ्यावर, पडवीवर पुन्हा चढतात. हल्ली हॉटेलवालेही हौसेने नेतात! फुटक्यांची सुरखी करावी. भाजल्या मातीची ही पूड मिसळली, की चुना ओलाव्यातही घट्ट धरतो. रोमन लोकही असेच करीत. सिमेंटचा जुना पत्रा मात्र कुटू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही.