बुडणाऱ्या बिया

ओसाकाच्या दक्षिणेला, सेन्शू भागात, भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या लहानशा तुकड्यात मी तीन उन्हाळे वांगी लावली. पहिल्या वर्षी मिझुनासू धरले, तेव्हा शेजारच्या वाफ्यातल्या आजोबांनी एक तोडून मुठीत पिळले. ओल्या फडक्यातून गळावे तसे पाणी गळले. “सुरी लावू नका, हातानेच फाडा,” ते म्हणाले. कच्चे वांगे खायचे, ही कल्पनाच माझ्या खानदेशी जिभेला पटेना. पण खाल्ले. साल पातळ, गर किंचित गोड, सफरचंदाच्या जवळपासचा. पूर्वी भातशेतात राबणारी माणसे तहान भागवायला हे वांगे खात, असे तिकडे सांगतात.

क्योतोच्या कामोनासूने मात्र माझी फजिती केली. गोल, जड, आणि गर इतका घट्ट की काही केल्या त्याचे भरीत होईना. ते अर्धे कापून, तेलात परतून, वर गोडसर मिसो थापून खातात, तेच योग्य. लांबट वांगी भाजून, सोलून, किसलेले आले आणि सोया सॉस घालून खातात. सोलण्यापर्यंत आपली आणि त्यांची वाट एकच. पुढे आपण ठेचतो, ते ठेचत नाहीत.

वांगे जपानचे नव्हे. भारत आणि त्याच्या पूर्वेकडच्या मुलखातून ते चीनमध्ये गेले. तिथल्या सहाव्या शतकातल्या ‘छीमिन याओशू’ या शेतीग्रंथात त्याचे बी कसे धरावे ते सांगितले आहे: पिकलेले फळ फोडून बिया पाण्यात धुवाव्यात, बुडतील त्या घ्याव्यात, लगेच वाळवाव्यात. जपानमध्ये नारा शहरात १९८८ साली राजपुत्र नागायाच्या वाड्याच्या जागी हजारो लाकडी पट्ट्या सापडल्या. आठव्या शतकातल्या या पट्ट्यांपैकी एकीवर साकेच्या चोथ्यात मुरवलेल्या ‘कारा-नासुबी’ची नोंद आहे. कारा म्हणजे समुद्रापलीकडचे. म्हणजे तेव्हा ते परदेशीच होते!

पुढच्या हजार वर्षांत ते इतके घरचे झाले की नव्या वर्षाच्या पहिल्या स्वप्नात दिसावे अशा शुभ गोष्टींत फुजी पर्वत आणि ससाण्यानंतर त्याचाच नंबर लागला. शरद ऋतूतले वांगे सुनेला खाऊ घालू नये, अशी म्हणही रूढ झाली. सासू कंजूष होती म्हणून, की सुनेच्या प्रकृतीला बाधू नये म्हणून, यावर अजून वाद आहे. (मराठी वाचक पहिलाच अर्थ घेईल.) खोऱ्याखोऱ्यात निराळे वाण झाले. क्यूशूत हातभर लांब, उत्तरेला लोणच्यापुरते इवलेसे. १६८९ मध्ये हागुरो डोंगर उतरून त्सुरुओकाला आलेल्या बाशोने तिथल्या नव्या वांग्यांवर कविता केली. ती मिन्देननासूच असणार, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात.

ही सगळी विविधता घरोघरी धरलेल्या बियांवर टिकून होती. १९२४ मध्ये साइतामाच्या सरकारी प्रयोगकेंद्राने वांग्याचे संकरित बियाणे काढले. भाजीपाल्यातल्या अगदी पहिल्या संकरित वाणांपैकी ते एक. एकसारखी फळे, भरघोस तोडा. शेतकऱ्याने ते का नाकारावे? मी स्वतः दुसऱ्या वर्षी बाजारातल्या अशाच लांबट वांग्याचे बी धरून पेरले. झाडे आली ती एकाला एक न जुळणारी: एकाचे फळ लांब, एकाचे ठेंगणे, एक तर सप्टेंबरपर्यंत फुललेच नाही. आजोबा खूप हसले.

तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच्या मिझुनासूचे बी दिले. माझे कामोनासू शेजारीच होते, म्हणून फुले उमलण्याआधीच त्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधायला लावल्या. मधमाशीचा भरवसा नाही. ऑक्टोबरात ती फळे पिवळट तपकिरी, कडक झाली. आम्ही ती फोडून बादलीत चोळली. हलक्या बिया वर तरंगल्या, त्या ओतून दिल्या. तळाच्या बिया वर्तमानपत्रावर पसरल्या.

गुडघ्यांमुळे आजोबांनी यंदा वाफा सोडला. माझा परतीचा दिवस ठरला आहे, आणि आयात परवान्याशिवाय बियाणे भारतात आणता येत नाही. आजोबांच्या वाफ्यावर आता एक तरुण जोडपे आले आहे. पुडी त्यांना दिली. मलमलीच्या पिशव्याही.