परीक्षा सोपी झाली आहे काय?

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी एक जुना प्रश्न नव्याने विचारला जातो. इतकी मुले उत्तीर्ण होतात, तेव्हा परीक्षा फारच सोपी झाली नाही ना? ‘आमच्या वेळी असे नव्हते,’ असे सांगणारे एखादे वडीलधारे गृहस्थ बहुतेक घरांत असतात. मी सुरत शहरातील नवागाम भागात मराठी मुलांना शिकवितो. त्यामुळे हा प्रश्न मला शाळेत, रस्त्यात आणि पालकांच्या दारातही गाठतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ‘आमची वेळ’ म्हणजे नेमकी कोणती वेळ, हे इतिहासात डोकावून पाहणे बरे.

नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. तापीकाठच्या रेल्वेने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडची माणसे सुरतेच्या कापडधंद्यात आली आणि येथेच स्थिरावली. आज या दोन प्रदेशांमध्ये राज्याची सीमा आहे. परंतु १ मे १९६० पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. म्हणून सुरतेचा गुजराती मुलगा आणि धुळ्याचा मराठी मुलगा यांच्या परीक्षेचा पूर्वेतिहास एकच आहे.

तो इतिहास मुंबई विद्यापीठापासून सुरू होतो. विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली घेण्यात आली. त्या परीक्षेला १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. म्हणजे सहांतून एक. या मूठभरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. अशी नावे ऐकली की वाटते, परीक्षा असावी तर अशी! परंतु मॅट्रिक्युलेशन या शब्दाचा मूळ अर्थ विद्यापीठाच्या नोंदवहीत नाव दाखल होणे एवढाच आहे. शाळेत मुलगा काय शिकला, याचा दाखला देणे हा त्या परीक्षेचा मूळ हेतूच नव्हता. ती कॉलेजच्या दारावरची राखणदार होती, आणि राखणदाराचे काम पुष्कळांना बाहेर ठेवण्याचेच असते.

पुढे अठ्ठावीस वर्षांनी, १८८७ साली, राजकोटच्या शाळेतील एक मुलगा अहमदाबादच्या केंद्रावर याच परीक्षेस बसला. त्या वर्षी सुमारे तीन हजार विद्यार्थी बसले होते आणि ७९९ उत्तीर्ण झाले. या मुलास ६२५ पैकी २४७॥ गुण मिळाले. इंग्रजीत २०० पैकी ८९, गुजरातीत १०० पैकी ४५॥, गणितात १७५ पैकी ५९ आणि सामान्यज्ञानात १५० पैकी ५४. उत्तीर्णांच्या यादीत त्याचा क्रमांक ४०४ वा होता. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. शेकडा चाळीसही गुण न मिळालेल्या या मुलाची योग्यता त्या परीक्षेला कितपत मोजता आली, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

आता गंमत अशी की, चारांतील तीन विद्यार्थी नापास होत होते त्या काळातही परीक्षेबद्दल कोणी समाधानी नव्हते. १८८२ च्या हंटर आयोगाला दिसले की सारे माध्यमिक शिक्षण मॅट्रिकच्या दावणीला बांधले गेले आहे. म्हणून विद्यापीठाकडे न जाणाऱ्या मुलांसाठी व्यवहारोपयोगी असा दुसरा अभ्यासक्रम ठेवावा, असे त्याने सुचविले. १९०२ च्या विद्यापीठ आयोगापुढे तक्रार आली ती अशी की, मॅट्रिक होऊन कॉलेजात आलेल्या मुलांना वर्गातील इंग्रजी व्याख्यान समजत नाही. पुढे १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या सॅडलर आयोगाने तर विद्यापीठात प्रवेश मॅट्रिकनंतर न देता इंटरमिजिएटनंतर द्यावा, असे सांगितले. म्हणजे परीक्षेत पुष्कळ मुले नापास झाली म्हणून उत्तीर्ण झालेली मुले आपोआप विद्वान ठरली, असे तेव्हाही घडत नव्हते. या इतिहासातून घ्यावयाचा पहिला धडा हाच आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई प्रांतात कायदा झाला आणि मॅट्रिकच्या जागी माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा आली. लोकांच्या तोंडी मात्र ‘मॅट्रिक’ हा शब्द कितीतरी वर्षे राहिला. वस्तुतः बदल फार मोठा होता. राखणदाराच्या जागी आता साक्षीदार आला होता. या मुलाने शालेय शिक्षण पुरे केले आहे, अशी साक्ष नव्या परीक्षेने द्यावयाची होती. तो कॉलेजात जावो, गिरणीत जावो वा शेतावर जावो, ही साक्ष त्याच्या उपयोगी पडली पाहिजे. साक्षीदार किती जणांना अडवितो, असे कोणी विचारीत नाही. तो खरे बोलतो की नाही, एवढेच विचारावयाचे असते.

आपली आजची चर्चा मात्र अजून राखणदाराच्याच भाषेत चालते. महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण घ्या. २०१८ साली तेथील दहावीचा निकाल शेकडा ८९.४१ लागला. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेच्या हाती असलेले वीस गुण काढून घेण्यात आले आणि निकाल ७७.१० वर उतरला. पालकांनी ओरड केली. गुण परत देण्यात आले. २०२० साली निकाल ९५.३० झाला. त्या वर्षी महामारीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द झाली होती, हे खरे. तरीही मुख्य फेर त्या वीस गुणांचाच होता. एका वर्षात महाराष्ट्राची मुले मंद झाली आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा हुशार झाली, असे कोणी म्हणेल काय? मुले तीच होती. माप बदलले होते.

इकडे गुजरातेत उत्तीर्ण होण्यास शेकडा ३३ गुण लागतात. येथील दहावीचा निकाल २०२३ साली ६४.६२ होता, तो २०२४ साली ८२.५६ झाला. एका वर्षात अठरा टक्के ज्ञान वाढत नसते. गणिताचे ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन पर्यायही आता आहेत. या सोयीस मी दोष देत नाही, कारण ती उघडपणे केलेली आहे. मला खुपते ते निराळेच. शेवटच्या तीन महिन्यांत वर्गात धडा शिकविणे जवळजवळ थांबते आणि येणाऱ्या प्रश्नांचा सराव सुरू होतो. उत्तर पाठ असते, पण त्याचा अर्थ विचारला की मुले एकमेकांकडे पाहू लागतात. प्रश्न आधीच ठाऊक असेल तर परीक्षा सोपी होते, मग त्यात अर्धी मुले नापास का होईनात!

आमच्या भागातील एका पालकाने मला एकदा आपल्या अहिराणीत विचारले, ‘‘सर, पोऱ्या पास व्हयना, पन त्याले येस काय?’’ हे गृहस्थ लूमवर रात्रपाळी करतात. मुलाला साठाच्या वर गुण होते; परंतु बँकेचा अर्ज भरताना तो अडला आणि ते बापाने पाहिले. मला चटकन उत्तर देता आले नाही. त्याला मी शिकविले होते, म्हणून तो प्रश्न मुलापेक्षा मलाच अधिक लागू होता.

ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, खाजगी शिकवणी आहे, ओळखीपाळखी आहेत, त्यांच्या मुलांना प्रमाणपत्र पोकळ असले तरी फारसे अडत नाही. कामगाराच्या मुलाजवळ मात्र तेवढाच एक कागद असतो. तो पोकळ निघाला तर मुलाची फसवणूक होते. उलट, केवळ शिस्तीचा देखावा म्हणून परीक्षा कठीण केली तर हाच मुलगा पंधराव्या वर्षी लूमवर जाऊन उभा राहतो आणि पुन्हा शाळेत परतत नाही. दोन्हीकडून नुकसान त्याचेच.

म्हणून परीक्षा सोपी की कठीण, हा वाद मला अपुरा वाटतो. निकालाचा आकडा वाचण्याऐवजी आपण एकदा प्रश्नपत्रिका वाचावी. पुस्तकात नसलेला एखादा उतारा वाचून मुलाला चार वाक्ये स्वतःची लिहावयास सांगितली आहेत काय? हिशेब नव्या रीतीने मांडावयास लावला आहे काय? असे प्रश्न साध्या भाषेत विचारता येतात आणि शिकविलेल्या मुलाला ते सुटतातही. अशा परीक्षेत शंभरांतील नव्वद मुले उत्तीर्ण झाली तर मला आनंदच होईल, आणि त्या पालकाच्या प्रश्नाला उत्तर देताना मला अडखळावे लागणार नाही.